दमा आणि आपलें घर

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकाळ टिकणारा विकार होय. दमेकऱ्याच्या श्वासनलिका फार हळव्या असतात. धूर, धूळ वा पराग लागतांच त्या सुजून आकुंचन पावतात.

वारूळवाडीच्या मोकळ्या शिवारांत राहणाऱ्या आम्हांस वाटतें कीं, वाईट हवा शहरांतच असते. परंतु सरपणाचा धूर, गोधडींतील सूक्ष्म किडे व बांधावरचें गाजरगवत हीं आपल्या दाराशींच आहेत. हें गवत मूळचें अमेरिकेंतील. पुण्यांत तें १९५५ च्या सुमारास नजरेस आलें.

यास्तव चुलीच्या धुरास बाहेर वाट द्यावी. शक्य तर गॅस वापरावा. चादरी आठवड्यास एकदां ६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत धुवाव्या व गोधडीस वारंवार ऊन द्यावें. कोरड्या झाडलोटीपेक्षां ओल्या फडक्यानें पुसणें बरें. गाजरगवत फुलण्यापूर्वीं उपटावें; तें काम मात्र दमेकऱ्यास सांगूं नये.

वैद्यकीय सल्ल्यावांचून औषध कधींही बंद करूं नये. औषध मुलगा स्वतः घेईल. पण वडिलांची बिडी विझविणें त्याच्या हातीं नसतें. एकाचा श्वास मोकळा राहावा म्हणून सर्व घरानें आपली संवय बदलावी, हाच आम्हांस यांतील मुख्य धडा वाटतो.