आधी त्याला वाचून दाखव

घाटंजी, जि. यवतमाळ

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुरुष म्हणून जगू लागलेल्या तुझ्या जोडीदाराची हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली आणि तुझं लिहिणं थांबलं, असं तू एका दमात लिहून टाकलंस. पहिल्या बातमीनं मला आनंद झाला, दुसरीनं काळजी लागली.

तू विचारतेस, बाईवर प्रेम करणारी बाई म्हणून आजवर जे लिहिलं, ते आता खोटं ठरलं का? नाही, बाळा. तो कोण आहे ते त्यानं सांगायचं, तू कोण आहेस ते तू. त्याच्या आधारकार्डावर काही बदललं म्हणून तुझ्या पुस्तकांतलं एक अक्षरही बदलत नाही.

अमेरिकेत डायन अँडरसन-मिन्शल नावाच्या लेखिका आहेत, समलिंगी स्त्रियांच्या मासिकांच्या एकेकाळच्या संपादक. दोन स्त्रिया म्हणून पंधरा वर्षं संसार झाल्यावर त्यांचा जोडीदार जेकब म्हणून जगू लागला. दोघांनी मिळून एका अंध गुप्तहेर बाईच्या रहस्यकथा लिहिल्या. २०१४ साली स्वतःच्या लग्नाची हकीगत सांगणारं 'क्विअरली बिलव्हेड' आलं, तेही दोघांच्या नावानं. डायननं त्याची गोष्ट एकटीनं सांगून टाकली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तूही त्याचं जुनं नाव, जुने फोटो, दवाखान्यातलं काही त्याला विचारल्याशिवाय छापू नकोस. जे लिहिशील ते आधी त्याला वाचून दाखव. तुझी भीती, तुझी ओढ मात्र तुझीच आहे, ती लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि लिहीच. तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आली. मोठ्या धाडसाचं नाटक, पण त्यातली बाईवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. भाजी निवडणारी, घराचे हप्ते फेडणारी, भांडून पुन्हा जेवायला बसणारी अशी बाई मराठीत किती कमी आली! ती तुझ्या कथांत आहे.

त्याचा आवाज काही महिन्यांत फुटेल आणि मग पूर्वीसारखा होणार नाही. त्या पहिल्या आवाजाची तुला आठवण येईल. रडू आलं तर रड, वहीत लिही, रात्री कितीही वाजता मला फोन कर. त्यालाही सांग, पण इंजेक्शनच्या दिवशी नको. तुला वाईट वाटतं म्हणजे तू त्याच्या विरुद्ध आहेस असं होत नाही. तो आनंदात आहे म्हणून तू गप्प बसावंस, असंही नाही.

आता लग्नाचं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन स्त्रियांना लग्नाचा हक्क दिला नाही, पण पारलिंगी पुरुष आहे त्याच कायद्यांखाली स्त्रीशी लग्न करू शकतो, असंही त्याच निकालात सांगितलं. आपले नातेवाईक म्हणतील, "चला, प्रश्न सुटला." तुमच्या आधीच्या संसाराला ते प्रश्न म्हणताहेत, हे त्यांना तिथल्या तिथे ऐकव. कायद्यानं वाट दिली एवढ्यासाठी घाईही करू नकोस. आधी त्याची सगळी कागदपत्रं एका नावावर येऊ देत. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, ती कार्यालयाच्या फलकावर झळकते. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळात एका पुरुषानं आपल्या मित्राशी लग्नाचा सोहळा केला, तेव्हा पेपरांतून केवढा गाजावाजा झाला! तुमची नोटीस यवतमाळला लागली तर घाटंजीच्या बसस्थानकावर बातमी तुमच्याआधी उतरेल. पुण्यात राहता, तिथेच करा.

दिवाळीला दोघंही या. कापूसवेचणीची गडबड असेल, तरी वरची खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवते. शेजारणींना मी "जावई आलेत" एवढंच सांगीन. त्यापुढे काय सांगायचं ते जावईबापूंनी ठरवावं आणि मला आधी कळवावं.

तुझी,
मावशी