अवधान न टिकणारे मूल : ओळख आणि आपले कर्तव्य

सातपुड्याच्या डोंगररांगांतील धडगावची शाळा असो की तापी खोऱ्यातील शहाद्याची, प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे एखादे मूल असतेच. गुरुजी शिकवीत असता त्याची नजर बाहेर असते. वही-पेन्सिल रोज हरवते. हाती घेतलेले गणित अर्ध्यावर राहते. प्रश्न पुरा होण्याआधीच ते उत्तर देते, आणि पाच मिनिटेही एका जागी बसत नाही. अशा मुलाला 'वांड', 'आळशी' किंवा 'मठ्ठ' यांपैकी एखादे विशेषण चिकटते. ते बहुधा चुकीचे असते. त्याचे परिणाम मात्र खरे असतात : मार, उपहास, गैरहजेरी आणि शेवटी शाळेला कायमचा रामराम.

विकाराचे स्वरूप

अशा काही मुलांना अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार असतो. 'एडीएचडी' या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. लंडन येथील डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये प्रथमच 'अवधान-न्यूनता' असे नाव त्यास दिले. जगभरातील पाहण्यांनुसार शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत तो आढळतो. तो मेंदूच्या विकासाशी निगडित असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईबापांचे लाड वा शिक्षकांची ढिलाई हे त्याचे कारण नव्हे. मुलाची बुद्धी कमी असते असेही नाही.

२०१३ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार अवधानाची नऊ व चंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणे मानली आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात. ती वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसू लागलेली असावीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाच्या अभ्यासात वा वागण्यात स्पष्ट अडथळा यावा. काही मुले, विशेषतः मुली, मुळीच दंगा करीत नाहीत. त्या शांत बसतात, पण मन वर्गात नसते. त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही.

घाईने नाव देऊ नये

आपल्या जिल्ह्यात ही ओळख विशेष सावधपणे करावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पुष्कळ मुलांच्या घरी भिली, पावरी किंवा मावची बोलली जाते, आणि पुस्तक मात्र मराठी असते. न समजणाऱ्या भाषेत कोणाचे लक्ष टिकेल ? म्हणून एखादी गोष्ट किंवा सूचना मुलाच्या बोलीत सांगून पाहावी. तेवढ्याने ते एकाग्र झाले, तर अडचण भाषेची असण्याचा संभव अधिक.

कान फुटलेले मूल हाक ऐकत नाही. नजर अधू असलेले फळा वाचू शकत नाही. उपाशी, रक्तक्षय झालेले किंवा सिकलसेलने ग्रासलेले मूल लवकर थकते. काही सेकंद एकटक पाहत स्तब्ध होणे, आणि असे दिवसातून अनेकदा घडणे, हे अपस्माराच्या एका प्रकाराचे लक्षण असू शकते. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातील मुलाचे काही महिन्यांचे पाठ बुडालेले असतात. दाखल्यावरील जन्मतारीख अंदाजाने घातलेली असल्यास खरे वयही विचारावे. वर्गातील सर्वांत लहान मूल स्वाभाविकपणेच अधिक चंचल वाटते.

शिक्षकांनी काय करावे ?

निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे, नोंद ठेवणे हे आहे. दोन आठवडे रोज दोन ओळी लिहाव्यात : कोणत्या वेळी, कोणते काम करताना, काय घडले. त्यानंतर घरी चौकशी करावी. पाणी आणावयास पाठविलेले मूल वाटेतच विसरते काय, जेवताना सारखे उठते काय, असे साधे प्रश्न पुरेत. आश्रमशाळेत पालक सुटीतच भेटतात. तेथे अधीक्षक वा अधीक्षिका यांची माहिती मोलाची ठरते. मूल आवडत्या खेळात रमते, एवढ्यावरून विकार नाही असे मात्र समजू नये.

ही नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापुढे ठेवावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तीत पाहावयाच्या बाबींत या विकाराचाही समावेश आहे. पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट द्यावयाची असते. पुढील तपासणी जिल्हा स्तरावर होते. लहान वयात पालकांना मार्गदर्शन हाच पहिला उपचार होय. सहा वर्षांनंतर गरजेनुसार डॉक्टर औषध देतात. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

निदान होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुलास पुढे, दारा-खिडकीपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. कामाचे लहान तुकडे करावेत व प्रत्येक तुकडा पुरा होताच शाबासकी द्यावी. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे सोपवावीत. या उपायांनी इतर मुलांचेही हितच होते. छडीने अवधान वाढत नाही, आणि शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे.

पंचायतीचा वाटा

तपासणीच्या दिवशी मुले हजर राहतील, स्थलांतरित कुटुंबातील मूल सुटणार नाही आणि तालुक्यास वा जिल्ह्यास पाठविलेले मूल खरोखर तेथे पोहोचेल, हे पाहणे पंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या हाती आहे. रोजगार बुडवून नंदुरबारला जाणे गरीब पालकास सोपे नसते. सोबत कोणी जाणकार असेल, तर ते जातात.

जे मूल लक्ष देऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण लक्ष द्यावयाचे आहे. त्याला नाव ठेवण्यापूर्वी त्याची अडचण ओळखली, तर पटावरील एक नाव गळण्यापासून वाचेल.