जेवणानंतरची दहा मिनिटं आणि बाकीचा आठवडा

हृदयविकाराचा धोका कोणत्या वयापासून मोजायला लागायचं, हे न्यूझीलंडच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली नव्याने ठरवून दिलं. काहीही तक्रार नसलेल्या पुरुषाची ही तपासणी ४५व्या वर्षी सुरू होते, स्त्रीची ५५व्या. माओरी, पॅसिफिक बेटांवरचे लोक आणि आपण दक्षिण आशियाई, यांच्यासाठी मात्र वयं वेगळी आहेत: पुरुष ३०, स्त्रिया ४०. म्हणजे आपल्या बाबतीत डॉक्टरांनी पंधरा वर्षं आधी जागं व्हावं, असं या देशाचं सरकारच सांगतं.

आता ही पंधरा वर्षं कोणती ते बघा. घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात. मूल डेकेअरमध्ये किंवा प्राथमिक शाळेत असतं. नोकरीत जम बसवायचा असतो, आणि भारतात आईवडिलांचं वय होत चाललेलं असतं. व्यायाम सुटतो तो नेमका याच वर्षांत, आणि ‘पोरं जरा मोठी झाली की सुरू करू’ असं आपण मनाशी ठरवून टाकतो. माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांमधून हे वाक्य मी इतकं ऐकतो की आजचा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहितो आहे. पोरं मोठी होईपर्यंत थांबणं आपल्या शरीराला परवडत नाही.

का परवडत नाही, ते पुण्यातल्या एका डॉक्टरांमुळे जगाला कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखीच दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, यकृताच्या आसपास. म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ या प्रश्नावर विसंबून राहू नका. शिवणाची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८०च्या वर असेल, तर वजन कितीही असो, लक्ष द्यायची वेळ आली आहे. रक्त तपासलंत तर एचबीए१सीचा आकडा इथे टक्क्यांत येत नाही, वेगळ्या एककात येतो. ४१ ते ४९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ५० किंवा वर म्हणजे मधुमेह. भारतातल्या जुन्या रिपोर्टशी तो आकडा ताडून पाहू नका, घाबरायला होतं.

तर किती व्यायाम हवा? आठवड्याला अडीच तास, मध्यम जोराचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. पूर्वी असं सांगायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच तो व्यायाम धरायचा. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अट काढून टाकली. जिना चढलात तर तोही जमेला धरा. नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी ही मोठी सोय आहे, पण बहुतेकांच्या डोक्यात अजून व्यायाम म्हणजे पहाटेचा जिम किंवा सलग एक तास, असंच बसलेलं आहे. तो तास सापडत नाही, म्हणून काहीच होत नाही.

मी सुरुवात करायला सांगतो ती रात्रीच्या जेवणापासून. ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठाने टाइप-२ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर एक अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. या लोकांनी दोन आठवडे दिवसातून कधीही सलग तीस मिनिटं चालायचं, आणि दुसरे दोन आठवडे तीनही जेवणांनंतर लगेच दहा-दहा मिनिटं चालायचं. मिनिटं तेवढीच. तरी जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी चढली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. कारण सरळ आहे. दिवसातला सगळ्यात जास्त पिष्टमय आहार रात्रीच्या जेवणात येतो आणि त्यानंतर माणूस बसतो ते झोपेपर्यंत. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. ज्यांचं इन्शुलिन नीट काम करत नाही, त्यांना याचा फायदा जास्त.

आपले आजोबा जेवून अंगणात शतपावली घालत, तीच ही गोष्ट, फक्त दहा मिनिटं आणि जरा झपाझप. आपल्या घरांमध्ये रात्री काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. साडेसातला जेवण, वरणभात, पोळ्या. मग भांडी डिशवॉशरमध्ये, ओटा पुसायचा, मुलाची वाचनाची वही, आणि एकदा सोफ्यावर टेकलं की उठवत नाही. म्हणून क्रम बदला. शेवटचा घास झाला की ताटं सिंकमध्ये ठेवायची, बूट घालायचे आणि निघायचं. भांडी परत आल्यावर. मूल स्कूटर घेऊन पुढे जाईल. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांनाही जाड जॅकेट घालून सोबत घ्या, त्यांना याची गरज तुमच्याहून जास्त आहे. उन्हाळ्यात आपले रात्रीचे आठ म्हणजे भारतात दुपारचे साडेबारा. आईला रोज करता तो फोन सोफ्यावरून न करता कानात इअरफोन घालून चालता चालता करा. तिकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील, इकडे तुमच्या दोन फेऱ्या होतील.

हिवाळ्याचं काय, असं विचाराल. जूनच्या अखेरीस ऑकलंडला सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो, सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो, आणि दक्षिणेला तर दिवस याहून लहान. पाऊस आडवा येतो. अशा दिवशी घरातल्या घरात दहा मिनिटं चाला, जिना असेल तर चढउतार करा. रस्त्यावर जाणार असाल तर अंगावर चमकणारी पट्टी हवी. कृपा करून काळ्या जॅकेटात अंधारात लहान मुलांना घेऊन फिरू नका.

दुसरी जागा म्हणजे ऑफिस. याच ओटागो विद्यापीठाने ७० निरोगी माणसांना नऊ तास बसवून ठेवलं. एका दिवशी नुसतं बसणं, एका दिवशी अर्धा तास चालून मग बसणं, आणि एका दिवशी दर अर्ध्या तासाने उठून एक मिनिट चाळीस सेकंद चालणं. साखर आणि इन्शुलिन सगळ्यात कमी चढलं ते तिसऱ्या दिवशी. २०१३ सालचा हा अभ्यास वाचून काहींना वाटतं, मग चालायला जायलाच नको. तसं नाही. रक्तातली चरबी सलग अर्धा तास चालण्याने जास्त उतरली होती. दोन्ही हवं. पण ज्याला सलग अर्धा तास मिळतच नाही, त्याने निदान दर अर्ध्या तासाला खुर्ची सोडावी. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा. फोन आला की उभे राहा.

आठ तासांच्या पाळीत दोन वेळा दहा मिनिटांचा पगारी ब्रेक आणि अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी हा इथे कायद्याने दिलेला हक्क आहे. आपली माणसं मात्र डबा स्क्रीनसमोरच उघडतात आणि त्याला कामसूपणा समजतात. पंधरा मिनिटांत जेवा, पंधरा मिनिटं बाहेर चाला. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला पहिल्या दिवसापासून आहे, त्याला कारणही कुठलंही चालतं. लेखी अर्ज करायचा, मालकाने एका महिन्यात उत्तर द्यायचं. तो नाही म्हणू शकतो, पण त्यासाठी कायद्यात दिलेल्यांपैकी कारण दाखवावं लागतं. सकाळी अर्धा तास लवकर जाऊन दुपारी उजेडात सुटता आलं तर हिवाळ्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

ज्यांना याहून पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी ऑकलंडचाच एक इतिहास सांगतो. आर्थर लिडियार्ड हे जगातल्या मोठ्या धावण्याच्या प्रशिक्षकांपैकी एक. ते चपला-बुटांच्या कारखान्यात काम करत, रात्री दूध टाकत, आणि मधल्या वेळात धावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. पण मला त्यांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. १९६२ साली त्यांनी मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाच्या, काही तर हृदयविकार होऊन गेलेल्या गृहस्थांना जमवून ऑकलंड जॉगर्स क्लब सुरू केला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बोवरमन इथे आले आणि क्लबबरोबर कॉर्नवॉल पार्कमध्ये धावायला गेले. पन्नाशीच्या बोवरमन यांना धाप लागली. त्यांच्याबरोबर मागे रेंगाळून गप्पा मारत धावणारा माणूस सत्तरी ओलांडलेला होता आणि त्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. बोवरमन यांनी ही कल्पना अमेरिकेत नेली, तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि जॉगिंग जगभर पसरलं.

लिडियार्ड यांचा आग्रह एवढाच, की बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं, आणि पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं. आपल्याकडे याच्या अगदी उलट होतं. कोणा ओळखीच्या माणसाला स्टेंट बसला की दुसऱ्या दिवशी आपण पाच किलोमीटर धावून येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतो. किंवा आठवडाभर काही नाही आणि रविवारी तीन तास बॅडमिंटन. घोट्यामागची शीर तुटलेली अशी माणसं दर हिवाळ्यात येतात. दुखापत झालीच तर एसीसी या इथल्या सरकारी अपघात विम्यामुळे थेट फिजिओथेरपिस्टकडे जाता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. दुखणं अंगावर काढू नका. शनिवारी सकाळी आठला ठिकठिकाणच्या बागांमध्ये पार्करन असतो, पाच किलोमीटर, फुकट, आणि तो चालत पूर्ण केला तरी कोणी काही म्हणत नाही. मुलाचा फुटबॉलचा सामना असेल तर मैदानाच्या कडेने फेऱ्या मारा, खुर्ची गाडीतच राहू द्या.

स्नायूंच्या ताकदीकडे आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो, आणि याज्ञिक यांच्या आकड्यांवरून दिसतं की आपली खरी उणीव तिथेच आहे. जोर आणि बैठका. त्यासाठी जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. सोपं गेलं तर तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरून उठा. ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर काढा. शेवटचे दोन जड जायला हवेत, नाहीतर ते कमी पडतायत. पोळ्यांचा तवा तापेपर्यंत एक फेरी होते. सूर्यनमस्कार घालत असाल तर उत्तमच, मात्र कंबर किंवा मनगट दुखत असेल तर आधी वरच्या व्यायामांपासून सुरुवात करा.

आता एक गोष्ट नवऱ्यांसाठी, जरा स्पष्ट. घरात वेळ कमी पडला की आधी बाईचा व्यायाम जातो. तो संध्याकाळी क्रिकेटच्या सरावाला जातो, ती आवरते. इथे ना सासू हाताशी असते, ना मदतीला मावशी. ‘तू जा ना, मी कुठे अडवतोय’ म्हणण्याने तिला वेळ मिळत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते सात मुलं, जेवण आणि आंघोळ माझ्याकडे, असं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहावं लागतं आणि पाळावं लागतं. गरोदरपणात ज्यांना मधुमेह झाला होता त्या बायकांना पुढे तो कायमचा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यांच्या बाबतीत हा तास घरातल्या कोणत्याही सरावापेक्षा महत्त्वाचा आहे.

तान्हं मूल असलेल्यांना आणि रात्रपाळी करणाऱ्यांना मी पहाटे पाचचा गजर लावायला सांगत नाही. पाच तासांच्या झोपेतून तास कापून केलेला व्यायाम टिकत नाही, आणि झोप कमी झाली की साखर आणि भूक दोन्ही वाढतात. त्यांनी वर्षभर फक्त जेवणानंतरचं चालणं सांभाळावं. तेवढं पुरे.

तुमच्या जीपीकडे ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ मागा. १९९८ पासून इथे डॉक्टर व्यायाम लिहून देतात आणि कोणीतरी फोन करून तुमची चौकशी करतं. वायकाटोमध्ये ४० ते ७९ वयाच्या ८७८ लोकांवर याची चाचणी झाली. वर्षानंतर चिठ्ठी मिळालेल्यांचा व्यायाम इतरांपेक्षा आठवड्याला साधारण ३४ मिनिटांनी जास्त वाढलेला होता.

चालताना छातीत दाब किंवा जडपणा, जबड्यात वा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, घाम, चक्कर, यांपैकी काही आलं तर तिथेच थांबा. थांबूनही गेलं नाही तर १११ला फोन करा. आपल्याकडे याला गॅस म्हणून आलं चघळत बसतात आणि मौल्यवान वेळ जातो. शंका असेल आणि तातडी नसेल तर हेल्थलाइन ०८०० ६११ ११६ वर रात्रंदिवस नर्स असते, फोन फुकट आहे. मधुमेहासाठी इन्शुलिन, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिपिझाइड चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा आणि व्यायाम वाढवण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. फक्त मेटफॉर्मिन घेत असाल तर ही भीती सहसा नसते, आज रात्री जेवून लगेच निघायला हरकत नाही.