काळजाचा विसावा

उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली थोडे दाबा. टुक टुक लागते ना? ती नाडी. काळीज एकदा आवळले, की नाडीचा एक ठोका पडतो. मिनिटाला साधारण 70 ठोके. दिवस-रात्र मिळून लाखभर होतात.

आता घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाची नाडी पाहा. त्याला सावकाश श्वास घ्यायला सांगा. श्वास आत जाताना ठोके जवळ जवळ पडतात. श्वास सोडताना लांब लांब पडतात. घाबरू नका, हे दुखणे नव्हे. चांगले काळीज घड्याळासारखे एकाच चालीने चालत नाही.

मेंदूचा हुकूम काळजापर्यंत नेणाऱ्या बारीक तारा अंगात असतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. ते दोन तऱ्हेचे. एक आसूड, दुसरा कासरा. एक काळजाला पळवतो, दुसरा आवरतो. चांगला गाडीवान चढावर बैल हाकतो अन् उतारावर कासरा ओढतो, तसेच हे.

दिवसाचीही एक चाल आहे. कामात ठोके वाढतात, रक्ताचा दाब चढतो. रात्री गाढ झोपेत ठोके कमी होतात. दाबही दिवसाच्या मानाने शेकडा 10 ते 20 ने उतरतो. जणू बैलाच्या मानेवरचे जू उतरले. उठायच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो.

रक्तदाब वाढलेल्या माणसाचे काय होते? दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 भरला, किंवा त्याहून जास्त भरला, तर रक्तदाब वाढला असे म्हणतात. अशा माणसाचा कासरा पुष्कळदा सैल पडतो, आसूड मात्र चालूच राहतो. नाडीतला तो चढउतार कमी होतो. कित्येकांचा दाब रात्रीही उतरत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल, झोपेत मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर हे जास्त घडते. माणूस झोपलेला, पण काळीज जुंपलेलेच. अशाने काळजाची भिंत जाड होते. पैलवानाच्या दंडासारखी जाड नव्हे बरं का! ती ताठ होते, नीट सैल होत नाही, मग आत रक्त पुरते भरत नाही.

आणि हे सगळे होताना बहुधा काहीच दुखत नाही. तिथेच माणूस फसतो. आमच्या वर्गातल्या एका आजोबांची गोळी चालू होती. वर्गात ते नुकतीच सही करायला शिकले होते. "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" म्हणून त्यांनी ती सोडली. दोन महिने बरे गेले. एक दिवस सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कडेने गळू लागले. उजवा हात उचलेना. अर्धांगाचा झटका किंवा हृदयविकाराचा झटका सकाळच्या वेळी जास्त येतो, कारण तेव्हाच दाब चढत असतो.

असे दिसले तर तेल चोळत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. नाडीचे ठोके श्वासाशी मेळ नसताना वेडेवाकडे पडत असतील, तरीही डॉक्टरांना दाखवा.

गोळी रोज एकाच ठरल्या वेळी घ्यावी. डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये. दिवसभराचे सगळे मीठ मिळून चहाच्या एका सपाट चमच्याएवढेच असावे. लोणचे, पापड, खारी मासळी त्यातच धरा. मीठ कमी केले की काहींचा रात्रीचा दाब पुन्हा उतरू लागतो. तंबाखूने दाब अन् ठोके दोन्ही चढतात. आमचे काही वाचक इथे पान उलटतील, पण खरे ते सांगितले.

आजोबा आता पुन्हा वर्गाला येतात. गोळीही घेतात. सही डाव्या हाताने गिरवतात. अजून अक्षर नीट वळत नाही.