गीता ३.२ : दोन आज्ञा, छत्तीस सेकंद



आजच्या श्लोकात अर्जुन चक्क तक्रार करतोय. देवा, एकीकडे बुद्धी श्रेष्ठ म्हणतोस, दुसरीकडे लढ म्हणतोस. असं मिसळून बोलू नकोस, माझं भलं होईल असं एकच काय ते नक्की सांग. माउलींनी तर इथे अर्जुनाला आणखी मोकळं बोलू दिलंय : वैद्यानेच पथ्य सांगून मग स्वतःच्या हाताने विष दिलं, तर रोग्याने जगायचं कसं?

हा श्लोक आला की मला १ जुलै २००२ ची रात्र आठवते. जर्मनीच्या दक्षिणेला, युबरलिंगन गावावर, ३६,००० फुटांवर दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली. एक मालवाहू बोइंग ७५७, त्यात दोन पायलट. दुसरं रशियन तुपोलेव्ह, मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेलं. त्यात ६९ माणसं, बरीचशी सुट्टीवर निघालेली शाळकरी मुलं.

दोन्ही विमानांत टीकॅस होतं. हे यंत्र जवळच्या विमानाच्या यंत्राशी बोलतं, दोघं आपसात ठरवतात की तू वर, मी खाली, आणि मग आपापल्या पायलटला तसं सांगतात. झुरिकच्या केंद्रात त्या वेळी एकच कंट्रोलर दोन स्क्रीन सांभाळत होता. सिस्टीमचं मेन्टेनन्सचं काम चालू होतं, मुख्य फोन लाइन बंद होत्या. त्याला धोका उशिरा दिसला आणि त्याने तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. सात सेकंदांनी तुपोलेव्हचं टीकॅस म्हणालं, वर जा. बोइंगचं म्हणालं, खाली जा.

तुपोलेव्हच्या को-पायलटने बोलून दाखवलं की यंत्र वर जायला सांगतंय. पण कंट्रोलरने पुन्हा, घाईने, खाली या म्हटलं, आणि ते खालीच येत राहिले. बोइंग टीकॅसचं ऐकून खाली येत होतं, ते कंट्रोलरला माहीतच नव्हतं. टीकॅसच्या आज्ञेनंतर ३६ सेकंदांनी टक्कर झाली. ७१ जण गेले. (त्या कंट्रोलरचं पुढे काय झालं, ती क्रोधाची गोष्ट आहे. ती वेगळ्या दिवशी.)

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की कुणीच बेफिकीर नव्हतं. सगळे आज्ञाच पाळत होते. अशा वेळी कुणाचं ऐकायचं, हे सगळ्या पायलटना एकसारखं शिकवलेलंच नव्हतं. तुपोलेव्हच्या पुस्तिकेत तर कंट्रोलरवर जास्त भर होता. त्याआधी जानेवारी २००१ मध्ये जपानवर दोन विमानं अगदी अशाच गोंधळातून थोडक्यात वाचली होती.

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम स्वच्छ झाला. टीकॅसची आज्ञा आणि कंट्रोलरची सूचना उलट असेल, तर टीकॅसचं ऐकायचं. पायलटने तसं कळवलं की कंट्रोलरने त्याचा मार्ग बदलायला जायचं नाही.

काही जण लगेच म्हणतील, टीकॅस म्हणजे आतला आवाज, त्याचं ऐका. मला नाही पटत. माझा आतला आवाज रात्री दोनला पिझ्झा मागवायला सांगतो. टीकॅस जिंकतं, कारण त्याने समोरच्या विमानाशी आधीच ठरवलेलं असतं. कंट्रोलरला ते बोलणं ऐकूच येत नाही.

मागच्या वर्षी ऑन-कॉलवर असताना माझंही असंच झालं. सिस्टीमचा अलर्ट सांगत होता हात लावू नका, डेटा अजून कॉपी होतोय. फोनवर सीनियर म्हणाले, रीस्टार्ट कर. मी केलं. ती पूर्ण रात्र डेटा जुळवण्यात गेली. चूक त्यांची की माझी, यावर टीममध्ये दोन दिवस वाद झाला. रनबुकमध्ये अशा वेळी कुणाचं ऐकायचं ही ओळच नव्हती, हे तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं.

म्हणून अर्जुनाची तक्रार मला उद्धट वाटत नाही. त्याने ती केव्हा केली बघा : रथ दोन सैन्यांच्या मधे उभा आहे, पहिला बाण अजून सुटायचा आहे. विचारायला वेळ आहे, तोवर त्याने विचारून घेतलं. आई एक सांगते, बॉस दुसरं, रील्सवरचे महाराज तिसरं, आणि आपण मात्र ऐन वेळी बघू म्हणतो.

आज नामस्मरण झालं की दोन मिनिटं बसा. सध्या तुम्हाला कोणत्या दोन आज्ञा उलट्या दिशेने ओढतायत ते कागदावर लिहा. उद्या तिसरा श्लोक, कृष्णाचं उत्तर तिथून सुरू होतं.