चिकित्सालयातील वस्त्रांवरचे डाग : निदान आणि उपाय

वमन-विरेचनाचा विधी सांगताना वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वस्त्राचा दृष्टांत दिला आहे. वस्त्रावरचा मळ जसा आधी सुटा करून मग काढला जातो, तसेच शरीरातील दोष स्नेहन-स्वेदनाने उत्क्लिष्ट करून मग शोधनाने बाहेर काढावयाचे असतात. हा दृष्टांत आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. परंतु आपल्या चिकित्सेमुळे रुग्णाच्या प्रत्यक्ष वस्त्राचे काय होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

काही वर्षांपूर्वी संधिवाताने पीडित एक वृद्ध भगिनी आमच्याकडे जानुबस्तीसाठी येत असत. सात दिवसांचा उपक्रम ठरला होता. चौथ्या दिवसानंतर त्या येईनाशा झाल्या. गुण तर येत होता. खर्च परवडत नसावा, असा आम्ही तर्क केला. पुढे त्यांच्या सूनबाई मुलाच्या खोकल्यासाठी आल्या, तेव्हा उलगडा झाला. तीन सुती पातळे तेलाने पिवळी पडली होती आणि त्यांचा वास जात नव्हता. ‘‘सासूबाई म्हणाल्या, गुडघ्यापेक्षा पातळंच महाग पडली,’’ असे त्यांनी सांगितले. ही चूक रुग्णाची नव्हे, आमची होती. पथ्यापथ्याचा कागद आम्ही दिला होता; धुण्याविषयी एक अक्षरही सांगितले नव्हते.

डाग काढणे हेही निदानाधीन कर्म आहे. डाग कोणत्या द्रव्याचा, वस्त्र कोणत्या धाग्याचे आणि डाग किती जुना, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पहिल्या धुण्यातच बहुधा निकाल लागतो, कारण चुकीच्या उपचाराने साध्य डाग असाध्य होतो.

आपल्याकडे सर्वाधिक डाग स्नेहाचे. तिळतेलातील असंतृप्त स्नेहाम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते हळूहळू चिकट व पिवळे होते आणि धाग्यास धरून बसते. म्हणून तेलाचे वस्त्र त्याच दिवशी धुवावे. आठवडाभर साठवून धुऊ नये. तेल लागल्यावर लगेच पाणी ओतण्याचीही घाई नको. आधी डागावर बेसन, शंखजिरे किंवा मुलतानी माती पसरून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी व झटकून टाकावी. नंतर कोरड्या डागावरच कपडे धुण्याचा द्रव साबण किंवा थोड्या पाण्यात कालवलेली धुण्याची पावडर चोळून मुरू द्यावी. त्यानंतर कापडास सोसेल इतक्या गरम पाण्यात धुवावे. आधी सुटे करणे, मग काढणे, हा वाग्भटांचा क्रम येथे जसाच्या तसा लागू पडतो. सुती चादरी व पंचे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजविल्यास चांगले निघतात. रेशीम व लोकर यांना मात्र सोडा वर्ज्य. ते प्राणिज धागे आहेत आणि तीव्र क्षाराने त्यांचा नाश होतो. त्यांच्यासाठी रिठ्याचे कोमट पाणी उत्तम. रुग्णास रेशमी वस्त्र नेसून अभ्यंगास येऊ नये असे आधीच सांगणे त्याहून उत्तम.

स्नेहाविषयी आणखी एक गोष्ट विस्ताराने सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. एका पावसाळ्यात पंचे वाळेनात, म्हणून आम्ही कपडे वाळविण्याचे यंत्र घेतले. एके सायंकाळी सेवकाने यंत्रातून काढलेले गरम पंचे तसेच घडी करून टोपलीत दाबून रचले. दोन-तीन तासांनी करपट वास येऊ लागला. विजेच्या तारेवर आमचा संशय गेला. परंतु टोपलीजवळ तारही नव्हती आणि विस्तवही नव्हता. वरचे पंचे उचलले तेव्हा मधल्या घड्या तपकिरी होऊन कोळशासारख्या झालेल्या दिसल्या. धुऊनही विणीत राहिलेल्या तेलाचा प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. मोकळ्या हवेत ती निघून जाते, पण गरम ढिगाऱ्याच्या पोटात ती कोंडते, वाढत जाते आणि शेवटी कापड आपोआप पेट घेते. जवसाच्या तेलात हा दोष सर्वांत अधिक; तिळतेलातही तो पुरेसा आहे, खोबरेलात अत्यल्प. आमच्याकडे ज्वाला निघाली नाही, हे आमचे दैव. शेजारच्याच खोलीत बस्तीचे दोन रुग्ण निजले होते.

तेव्हापासून तेलाचा वास येणारा पंचा आमच्याकडे यंत्रात जात नाही. तो पुन्हा धुतला जातो. इस्त्री केलेले वा यंत्रातून काढलेले कापड पसरून पूर्ण गार झाल्यावरच घडी घातली जाते. वापरलेले पंचे रात्रभर कोपऱ्यात साठत नाहीत. ते सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतो किंवा झाकणाच्या लोखंडी पिंपात टाकतो. ज्यांच्या पंचकर्म विभागात रोज दहा-पंधरा अभ्यंग होतात, त्यांनी हा नियम भिंतीवर लावावा.

हरिद्रेचा डाग घरोघरी परिचित आहे. लेप, उद्वर्तन, वचेबरोबरचे धूपन, सर्वत्र हळद आहेच. तिचे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने काही होत नाही. साबण लावताच डाग लालभडक होतो आणि रुग्ण घाबरतो. हळदीत चुना मिसळून कुंकू होते, त्यातलाच हा प्रकार आहे. क्षाराने लाल झालेला रंग लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. पण त्याने डाग निघाला असे समजू नये, केवळ रंग पालटला. हळदीचा खरा शत्रू सूर्यप्रकाश. वर सांगितल्याप्रमाणे तेलाचा अंश काढून वस्त्र धुवावे आणि ओलेच कडक उन्हात घालावे. दोन-तीन दिवस पुन्हा ओले करून उन्हात टाकल्यास पांढऱ्या सुती वस्त्रावरील डाग बहुधा दिसेनासा होतो. रंगीत वस्त्राचा मूळ रंगही उन्हाने उतरतो, हे रुग्णास सांगून ठेवावे.

कषायांचा डाग औषधनिर्मात्यांच्या अधिक ओळखीचा. हिरडा, बाभूळ, खैर, अर्जुन यांच्या काढ्यातील तुरट द्रव्याचा लोहाशी संबंध आला की निळसर काळा रंग तयार होतो. हिराकस व हिरडा यांपासून शाई करीत ती याच गुणाने. रंगारी कापड रंगविण्यापूर्वी हिरड्याच्या पाण्यात बुडवितात, तेव्हा हिरड्याचा डाग सहज जाईल ही अपेक्षाच चुकीची. काढा सांडल्यास ताबडतोब थंड पाण्याच्या धारेखाली धरावे. साबणाची वडी चोळू नये, तिने तुरट डाग पक्का होतो. धुण्याची पावडर चालते. लोखंडी बादली किंवा बोअरचे लोहयुक्त पाणी टाळावे. काळा झालेला डाग पांढऱ्या सुती कापडावर असेल तर लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावा व मग भरपूर पाण्याने धुवावा. त्यावर विरंजक द्रावण ओतल्यास लोहाचा गंज अधिकच गडद होतो.

मेंदी व नीलिनी यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मेंदी रेशमावर व लोकरीवर केसांप्रमाणेच कायमची बसते.

जलौकावचारणानंतर दंशस्थानातून कित्येक तास रक्त झिरपत राहते, त्यामुळे घरी गेल्यावर रुग्णाची चादर हमखास भरते. रक्तास गरम पाणी कदापि लावू नये. उष्णतेने त्यातील प्रथिने गोठतात आणि डाग कायमचा होतो. थंड पाण्यात थोडे मीठ घालून अर्धा तास भिजवावे, मग धुवावे. पांढऱ्या सुती कापडावर उरलेल्या डागास ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावावे. औषधदुकानातील ६ टक्क्यांचे असल्यास तेवढेच पाणी मिसळावे. फेस येऊन डाग फिका होतो. चिकित्सालयातील रक्तलिप्त वस्त्रे हातमोजे घालूनच हाताळावीत आणि ती हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावीत. हे द्रावण लिंबू, व्हिनेगर किंवा शौचालय धुण्याचे आम्ल यांच्यात मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो व तो फुप्फुसांस घातक ठरतो. अमोनियायुक्त द्रावणाशीही ते मिसळू नये. धुणारी बाई ‘‘दोन्ही घातलं की लवकर निघतं’’ या समजुतीने बंद न्हाणीघरात हा प्रयोग करते, म्हणून दोन्ही बाटल्या आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो.

शेवटी भल्लातक. बिब्ब्याचा डाग असाध्य आहे, आणि तो असाध्य आहे म्हणूनच परटांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्बा व चुना वापरला. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना अशा खुणांच्या जागी त्वचेवर दाह व पुरळ उठल्याची नोंद झाली होती. वस्त्र धुऊन आले तरी खुणेतील द्रव्य त्वचेस बाधते, याचा हा पुरावा. भल्लातक-शोधन करणाऱ्या सेवकांचे कपडे म्हणून घरच्या कपड्यांत मिसळू देऊ नयेत. ते औषधशाळेतच राहावेत. डाग पडलेले कापड घासत बसू नये. ते जाळूही नये, कारण धूरही दाहक असतो. पिशवीत बांधून ते टाकून द्यावे आणि सेवकास नवीन कापडाचे पैसे द्यावेत.