वीज, छप्पर आणि मालकी : पर्यायी वीजनिर्मितीचा तुलनात्मक विचार

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी नवी दिल्लीत वीजपुरवठ्याविषयीच्या धोरण समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते तेव्हा मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. औद्योगिकीकरणावाचून या देशाचे दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही, ही त्यांची मांडणी आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. त्याच भाषणातील दुसरा प्रश्न मात्र आपण फारसा आठवत नाही. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, आणि खासगी असल्यास लोकहिताचे रक्षण कसे व्हावे, असे त्यांनी विचारले होते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारीच लिहिलेले आहे. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, तरी धरण झालेच. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून तयार झालेली वीज मुंबईला गेली. जमीन मावळ्यांची, प्रकाश दुसऱ्यांचा. इतिहासाच्या शिक्षकाने किलोवॉट आणि युनिटांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण हे आहे.

आज सर्वाधिक चर्चा सौरऊर्जेची आहे आणि ती योग्यच आहे. एक किलोवॉटच्या संचास साधारण शंभर चौरस फूट मोकळे छप्पर लागते आणि वर्षाची सरासरी धरल्यास त्यातून दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. आषाढ-श्रावणात ती बरीच घटते. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते व बिलात वळती होते, म्हणून महागडी बॅटरी टाळता येते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेस एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. सोसायट्यांच्या सामाईक पंप, लिफ्ट व दिव्यांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये आहेत.

परंतु अनुदान मिळते ते ज्याचे छप्पर आहे आणि ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला. चाकण, महाळुंगे, निघोजे या भागांत पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे यांपैकी काहीच नाही. अनेक ठिकाणी घरमालक पोटमीटर लावून आपल्याच दराने त्याच्याकडून पैसे घेतो. मालकाने उद्या छतावर पॅनेल बसविले तर बिल मालकाचे उतरेल. भाडेकरूचा दर उतरेलच असे नाही. आपले अनेक माजी विद्यार्थी अशाच खोल्यांतून भोसरी-चाकणच्या कंपन्यांत जातात. सूर्य सर्वांचा असला तरी छप्पर सर्वांचे नाही, ही या उत्तम योजनेची मर्यादा मला मोठी वाटते.

दुसरा पर्याय कचऱ्याचा. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या मोशी येथील कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची ही योजना आहे. शहराचा डोंगर कमी होणार असेल तर त्याला विरोध कोण करील? तरीही एक गोष्ट विसरू नये. भट्टीला हवा असतो कोरडा, जळणारा कचरा. आणि त्यातील कागद व प्लास्टिक यांवर कचरावेचक स्त्रियांची चूल पेटते. त्या बहुसंख्येने आपल्याच वस्त्यांतील आहेत. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यांच्या श्रमाला ओळख मिळवून दिली. युनिटाचा दर काढताना या बुडालेल्या मजुरीचा हिशेबही मांडला पाहिजे.

पवनचक्की डोंगरमाथ्यावरच शोभते. वस्तीच्या छपरावर वारा पुरेसा व सलग नसतो, म्हणून घरगुती वापरासाठी तिचा विचार मी करीत नाही.

उरतो बायोगॅस, आणि इथे आपल्याला दूर जावे लागत नाही. इंद्रायणीकाठच्या देहूत प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. सुहास विठ्ठल मापुसकरांनी शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ हे बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैला बंद टाकीत हवेविना कुजतो, गॅस चुलीकडे जातो, खत उरते. माणसाला माणसाचा मैला हातांनी उचलावा लागत नाही, हे या यंत्राचे माझ्या दृष्टीने पहिले मोल आहे, इंधन दुसरे. या गॅसवर शिजलेले अन्न ‘बाटते’ असे मानणारे सुशिक्षित लोक अजूनही भेटतात. ज्वालेला विटाळ असतो काय? ज्या कल्पनेने आपल्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलले, तीच आता स्वयंपाकघरात आपल्याच तोंडून बोलू नये.

दोनशे मुलांच्या वसतिगृहाचे ढोबळ गणित करू. माणशी रोज सुमारे तीस लिटर गॅस धरल्यास सहा घनमीटर होतो. तो इंजिनात जाळल्यास नऊएक युनिट वीज मिळेल, म्हणजे तीन किलोवॉटच्या सौरसंचाहूनही कमी, आणि इंजिनाची देखभाल वेगळीच. तोच गॅस चुलीवर वापरल्यास रोज अडीच किलो सिलिंडर-गॅस वाचतो. घरगुती सिलिंडर पाच-सहा दिवसांत एक. स्वयंपाकघरातील ओला कचरा जोडल्यास भर पडते. तशा छोट्या संयंत्रांवर पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने मोठे काम केले आहे. म्हणून वसतिगृहाने गॅस चुलीला द्यावा व पंप आणि अभ्यासिकेचे दिवे सौरविजेवर चालवावेत, असे माझे मत आहे.

शाळा व विहार निवासी ग्राहक नसल्याने वरील अनुदान त्यांना लागू नाही. खर्च वर्गणीतून किंवा देणगीतूनच उभा राहील. वस्तीतील विहाराचे छप्पर हे पुष्कळदा साऱ्या वस्तीचे एकमेव सामाईक छप्पर असते. पण अनेक विहारांच्या जागेचा उतारा ट्रस्टच्या नावावर नसतो आणि वीजमीटर एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या नावावर असते. सौरसंचाचा ठेकेदार बोलावण्याआधी विश्वस्तांनी धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, सातबारा किंवा मालमत्तापत्रक आणि चालू वीजबिल हे तीन कागद एका टेबलावर ठेवून त्यांवरची नावे जुळतात का, एवढे आधी पाहावे.